तुरुंगाच्या टेकडीवरची पायी फेरी: जोहान्सबर्गमध्ये असाल तर जा, पण घाईत नको

आधी निकाल सांगून टाकते: जा. ब्रामफाँटेन या भागातून निघून कॉन्स्टिट्यूशन हिलवर, म्हणजे जुने तुरुंग आणि आजचं घटनात्मक न्यायालय जिथे आहे त्या टेकडीवर संपणारी ही पायी फेरी जोहान्सबर्गमध्ये पैसे मोजून करावी अशा मोजक्या गोष्टींपैकी आहे. बायकांवर होणारी हिंसा आणि समलिंगी माणसांविषयीचे कायदे हे दोन विषय सहसा वेगवेगळ्या सभांमध्ये, वेगवेगळ्या लोकांसमोर बोलले जातात. इथे ते एकाच चढावर, एकाच बाईच्या तोंडून ऐकायला मिळतात. ते एकत्र का ऐकायचे, हे फेरी संपेपर्यंत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

फेरी चालवणारी बाई एकटी आहे, कुठल्या टूर कंपनीची नाही. तिशीतली असेल, मूळची जोहान्सबर्गच्या पूर्वेकडच्या क्वाथेमा वस्तीतली. 'माझं नाव, माझा फोटो कुठे टाकू नका,' असं ती सुरुवातीलाच स्पष्ट सांगते, म्हणून इथे नाव नाही. ब्रामफाँटेनमधल्या हॉस्टेलांत आणि कॉफीच्या दुकानांत तिची पत्रकं ठेवलेली असतात. माणशी ४५० रँड, एका वेळी जास्तीत जास्त दहा माणसं. कॉन्स्टिट्यूशन हिलच्या संग्रहालयाचं तिकीट यात धरलेलं नाही, ते वेगळं काढायचं. इंग्रजीत बोलते, पण गटात कुणी झुलू किंवा सोथो बोलणारं असेल तर सहज त्या भाषेत शिरते.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यावरून माझी अपेक्षा काय होती हे कळेल. प्रोटेक्शन ऑर्डर, म्हणजे मारणाऱ्याला दूर ठेवणारा कोर्टाचा आदेश, मागायला मॅजिस्ट्रेट कोर्टात येणाऱ्या बायकांसोबत मी बसते. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा हिंदी, गुजराती, मराठी बोलणाऱ्यांचे अर्ज भरून देते, रिटर्न डेटला म्हणजे पुढच्या तारखेला परत त्यांच्यासोबत उभी राहते. डॉक्टरने भरलेला जे-८८ फॉर्म, म्हणजे जखमांची नोंद असलेला सरकारी कागद, हातात घेऊन बाकावर बसलेली बाई मी जवळून पाहिलेली आहे. त्यामुळे या विषयावर कुणी वरवरचं, हळहळ गोळा करणारं बोलू लागलं की मला तिथे थांबवत नाही. सोबत माझी मावशी होती. तिचं सगळं आयुष्य नैरोबीत गेलं, तिथल्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत नर्स होती, आता निवृत्त आहे. मावशी आली नसती तर फेरी निम्मीच समजली असती, हे आता जाणवतं.

सुरुवात ब्रामफाँटेनच्या रस्त्यावर. १३ ऑक्टोबर १९९० रोजी आफ्रिका खंडातला पहिला प्राइड मोर्चा, म्हणजे समलिंगी माणसांनी आपल्या हक्कांसाठी काढलेला मोर्चा, इथूनच निघाला. त्यातल्या काहींनी ओळख लपवायला डोक्यावर कागदी पिशव्या घातल्या होत्या. कारण उघड होतं: तेव्हा पुरुषा-पुरुषांतला संबंध हा गुन्हा होता आणि चेहरा दिसला तर नोकरी जायची. मोर्चा काढणाऱ्यांत सायमन न्कोली होता. हा माणूस वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात पकडला गेला, डेलमासच्या राजद्रोहाच्या खटल्यात आरोपी होता आणि तुरुंगातच त्याने आपल्या सहकाऱ्यांना सांगितलं की मी समलिंगी आहे. आधी ते हादरले, मग सोबत राहिले. गाईडने हे सांगताना एक गोष्ट नेमकी केली. न्कोलीला तिने संत केलं नाही. एका कोठडीत एकत्र दिवस काढणाऱ्या माणसांमध्ये त्या कबुलीनंतर काय वादावादी झाली असेल, इकडे लक्ष वेधलं. राज्यघटनेत पुढे जे शब्द आले त्यांच्यामागे अशी भांडणं आहेत, हे तिचं म्हणणं मला पटलं.

मग तिने १९६६ ची हकीकत सांगितली. जानेवारी महिन्यात फॉरेस्ट टाउन या सुखवस्तू वस्तीतल्या एका घरी पुरुषांची पार्टी चालली होती, पोलिसांनी धाड घातली. त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि १९६९ मध्ये कायद्यात एक कलम घुसवलं गेलं: 'पार्टीत' पुरुषांनी एकमेकांना कामभावनेने स्पर्श करणं गुन्हा. पार्टी म्हणजे काय? दोनपेक्षा जास्त माणसं हजर असतील तो प्रसंग. मावशी म्हणाली, "अगं, म्हणजे तिसरा माणूस दारात आला की गुन्हा?" हो, तसंच. सरकारने माणसांच्या खोलीत किती आत शिरावं याला काही हद्द उरली नव्हती.

तिथून हूफ्ड स्ट्रीटवरच्या ब्रामपार्कपाशी थांबतो. दिसायला साधी ऑफिसांची इमारत, पाटी शोधू नका. पण टेकडीवरची वास्तू बांधून होईपर्यंत दक्षिण आफ्रिकेचं घटनात्मक न्यायालय इथे भाड्याच्या जागेत बसायचं. ९ ऑक्टोबर १९९८ रोजी न्यायालयाने पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा रद्द केला, त्यात ते पार्टीवालं कलमही गेलं. एखाद्या माणसाने बंद दाराआड संमतीने कुणावर प्रेम करावं याच्याशी राज्याला देणंघेणं नाही, इथेच न्यायालय थांबलं नाही. अशा कायद्याने माणसाची प्रतिष्ठा रोज तुडवली जाते, गुन्हा दाखल होवो वा न होवो, असं त्यांनी म्हटलं. सायमन न्कोलीला हा निकाल बघायला मिळाला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला तो गेला.

आता टेकडी. ओल्ड फोर्ट, नंबर फोर, विमेन्स जेल हा सगळा तुरुंगांचा पसारा १९८३ पर्यंत चालू होता. भारतातून आलेले पाहुणे बहुतेक करून गांधीजींसाठी येतात, कारण १९०८ मध्ये त्यांना इथे ठेवलं होतं. त्यांच्याविषयीचं दालन आहे, ते जरूर बघा. पण या फेरीत ते ओझरतंच येतं आणि ते तसंच असावं. गाईडचा पाय थबकतो तो विमेन्स जेलच्या दारात.

विमेन्स जेल १९१० मधला. बाहेरून बघाल तर लाल विटांची देखणी इमारत, आत शिरल्यावर गोल, उंच मधला चौक, वरून उजेड. इतक्या उजेडाचा तुरुंग मी पाहिला नव्हता, आणि त्या उजेडानेच जास्त अस्वस्थ व्हायला होतं. इथे खून केलेल्या बायकाही होत्या, पण बहुतेक जणी पास (काळ्या लोकांना जवळ बाळगावा लागणारा परवाना) जवळ नाही म्हणून, घरी बिअर गाळली म्हणून आत आलेल्या. म्हणजे पोट भरण्यासाठी केलेल्या गोष्टी. १९७६ मध्ये सोवेटोच्या उठावानंतर विनी मंडेला आणि फातिमा मीर यांना इथे डांबलं होतं. फातिमा मीर यांनी तुरुंगातलं रोजचं जगणं चोरून चित्रांत उतरवलं: रांगा, धुणी, एकमेकींच्या शेजारी बसलेल्या बायका. आज याच आवारात कमिशन फॉर जेंडर इक्वॅलिटीचं कार्यालय आहे. ज्या जागेत बायकांना नुसतं हिंडल्याबद्दल कोंडलं, तिथे आता बायकांच्या तक्रारी घेतल्या जातात. गाईडने हे कौतुकाने सांगितलं नाही. 'तक्रार घेणं हा पहिला टप्पा,' एवढंच म्हणाली. मी मान हलवली. कोर्टाच्या बाकावर बसणाऱ्या कुणीही हलवली असती.

इथे माझी पहिली तक्रार: विमेन्स जेलला वेळ फार कमी दिला. कोठड्यांमधली लिखाणं नीट वाचून व्हायच्या आत 'चला' झालं. मावशी एका दालनात मागे राहिली होती, तिला मला हाक मारून आणावं लागलं. कायद्याचा इतिहास सांगणाऱ्या फेरीला न्यायालयाची ओढ असणार हे समजू शकते. पण हिंसा कशी रुजते हे ज्या इमारतीत दिसतं तिथेच घाई करू नये.

न्यायालयाची इमारत २१ मार्च २००४ रोजी उघडली. तिच्यासाठी कच्च्या कैद्यांचा तुरुंग पाडला, चार जिने तेवढे राखले आणि निघालेल्या विटा नव्या वास्तूत वापरल्या. उंच लाकडी दारावर हक्कांच्या सनदेतले २७ हक्क कोरले आहेत. आत दालनात न्यायाधीशांच्या बाकापुढे ११ न्यायाधीशांसाठी गाईच्या कातड्याचे ११ तुकडे, प्रत्येकाचे ठिपके निराळे. भिंतीत खाली एक लांब आडवी खिडकी आहे, तिच्यातून बाहेरच्या रस्त्याने जाणाऱ्या माणसांचे पाय दिसतात. काम चालू नसेल तेव्हा आत बसता येतं. आम्ही बसलो आणि गाईडने फेरीतलं सगळ्यात चांगलं बोलणं इथे केलं.

ती म्हणाली, घटनेतली दोन कलमं शेजारी ठेवून बघा. कलम ९(३): वंश, लिंग, लैंगिक कल यांवरून राज्याने भेदभाव करू नये. 'लैंगिक कल' हे शब्द घटनेत लिहिणारा दक्षिण आफ्रिका जगातला पहिला देश. आणि कलम १२(१)(क): प्रत्येकाला हिंसेपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे, मग ती हिंसा सरकारी असो की खाजगी. 'खाजगी' हा शब्द तिथे आहे म्हणून नवऱ्याच्या मारहाणीत सरकारला हात झटकता येत नाहीत. १९९९ मध्ये बलोयी खटल्यात हेच झालं. लष्करातला अधिकारी, बायकोला मारायचं नाही असा आदेश असताना मारलं. प्रश्न आला की असा आदेश मोडल्याबद्दल झटपट खटला चालवण्याची पद्धत आरोपीवर अन्याय करते का. न्यायालयाने पद्धत टिकवली. घरातल्या हिंसेकडे कायद्याने काणाडोळा केला तर बायकांचा रोजचा छळ कुणाच्या लेखी नाही असा संदेश जातो, हा त्या निकालाचा गाभा.

तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स. मोझांबिकची राजधानी मापुटोत १९८८ मध्ये गाडीत ठेवलेल्या बॉम्बने त्यांचा उजवा हात गेला होता. आणि १ डिसेंबर २००५ चा फुरी निकाल, ज्याने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मान्य केला, तोही त्यांनीच लिहिला. एकाच माणसाच्या लेखणीतून हे दोन निकाल उतरले यात मला योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: घराच्या दाराआड कुणाचं शरीर कुणाच्या मालकीचं? पहिल्यात उत्तर आलं, नवऱ्याच्या नाही. दुसऱ्यात आलं, सरकारच्याही नाही. इतकी वर्षं मी एका बाजूचंच काम करत आले. हे नातं कुणी असं समोर मांडलेलं नव्हतं, आणि त्यासाठी मी ४५० रँड पुन्हा देईन.

फुरी निकालाची एक बाजू तिने प्रामाणिकपणे सांगितली. न्यायालयाने संसदेला कायदा बदलायला एक वर्ष दिलं. न्यायमूर्ती केट ओरेगन यांचं मत वेगळं होतं: हक्क आहे तर आजच द्या. संसदेने मुदत संपायच्या अगदी तोंडावर सिव्हिल युनियन कायदा आणला, ३० नोव्हेंबर २००६ पासून. आणि त्यात फट ठेवली. होम अफेअर्सच्या म्हणजे गृहखात्याच्या अधिकाऱ्याला 'माझ्या श्रद्धेत बसत नाही' म्हणून अशी लग्नं लावायचं नाकारता येत होतं. ती फट बुजायला २०२० साल उजाडलं. आमच्या गटातल्या दोघी बोत्स्वानाची राजधानी गाबोरोनीहून आलेल्या कायद्याच्या विद्यार्थिनी हे भराभर लिहून घेत होत्या.

न्यायालयाच्या कलासंग्रहातला निळा पोशाख मात्र शब्दांत सांगणं कठीण. ज्युडिथ मेसनने तो निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा शिवला आहे. फिला न्द्वान्द्वे ही उम्खोन्तो वे सिझवेची, म्हणजे मंडेलांच्या एएनसी पक्षाच्या सशस्त्र शाखेची कमांडर. १९८८ मध्ये सुरक्षा पोलिसांनी तिला पळवलं, विवस्त्र कोंडून ठेवलं, मग मारून पुरलं. अंग झाकायला तिने एका निळ्या पिशवीची चड्डी करून घातली होती, हे वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या ट्रुथ कमिशनपुढे बाहेर आलं. ते ऐकून मेसनने हा पोशाख केला. मावशी बराच वेळ त्यासमोर उभी होती. नंतर म्हणाली, "कॅज्युअल्टीत आलेली प्रत्येक बाई आधी कपडा मागायची. औषध नंतर, पाणी नंतर." गाईड ऐकत होती. तिने मावशीचा हात धरला आणि पुढची पाच मिनिटं काही बोलली नाही. गटाला तिने अशी सवड दिली, हे मला फार मोलाचं वाटलं.

पुढचा भाग ज्यांना जड जाईल त्यांनी बाहेर थांबावं असं ती आधी सांगते. कुणी थांबलं तर कारण विचारत नाही. भाग आहे तिच्या स्वतःच्या गावचा. युडी सिमेलाने, बन्याना बन्याना म्हणजे देशाच्या महिला फुटबॉल संघातली मिडफिल्डर, क्वाथेमाची. खेळून झाल्यावर मुलींना शिकवायची, रेफ्री व्हायची तयारी चालली होती. उघडपणे लेस्बियन म्हणून राहणारी. २८ एप्रिल २००८ रोजी ती गावातल्या ओढ्याजवळ मेलेली सापडली, तिच्यावर सामूहिक बलात्कार करून भोसकलं होतं. दोघांना शिक्षा झाली, खटला डेलमासला चालला. हो, तेच डेलमास, जिथे न्कोली आरोपीच्या पिंजऱ्यात होता. तिच्या लैंगिकतेचा खुनाशी संबंध न्यायाधीशांनी मानला नाही. गाईड बोलताना युडीच्या पासिंगबद्दल बोलली, डाव्या पायाबद्दल बोलली. जखमांची संख्या सांगितली नाही, फोटो दाखवला नाही. असंच करायला हवं. मेलेल्या बाईची जखम दाखवून तिकीट विकणारे पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट केप टाउनजवळच्या खायेलित्शाची. झोलिस्वा न्कोन्याना, १९ वर्षांची, ४ फेब्रुवारी २००६ ला घराजवळ पोरांच्या टोळक्याने तिला ती लेस्बियन आहे म्हणून ठेचून, भोसकून मारली. खटला रखडत, तारखा पडत राहिल्या. शिक्षा सुनावली गेली फेब्रुवारी २०१२ मध्ये. तिथल्या मॅजिस्ट्रेटने मात्र द्वेष हाच हेतू होता हे निकालात नोंदलं. तारखा बघा: झोलिस्वा मेली ते वर्ष सिव्हिल युनियन कायद्याचं. म्हणजे राज्यघटना जगातली सगळ्यात उदार, लग्नाचा हक्क दारात, आणि वस्तीत 'तुला सरळ करतो' म्हणत बलात्कार. एचएसआरसी या इथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे या देशात १८ वर्षांवरच्या दर तिघींपैकी एकीने आयुष्यात कधीतरी शारीरिक हिंसा सोसली आहे. द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांविषयीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही व्हायला मे २०२४ यावा लागला. मग कायद्याचा उपयोग काय, असं एका जर्मन पाहुण्याने विचारलं. गाईडने उत्तर द्यायच्या आत गटातला दुसरा एक जण बोलला. तोवर तो गप्प होता.

तो युगांडाचा. तपशील देत नाही. त्याच्याकडे आश्रय मागणाऱ्यांना मिळणारा सेक्शन २२ चा कागद आहे, तो दर वेळी नूतनीकरण करत करत तो इथे राहतो. तो म्हणाला, "माझ्या देशात मला कुणी मारलं तर मी पोलिसात जाऊन काय सांगू? का मारलं ते सांगितलं की मीच आत." युगांडाचा २०२३ चा कायदा जन्मठेप देतो, काही प्रकारांत फाशीही. ३ एप्रिल २०२४ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने चार-दोन तुकडे काढून बाकी कायदा कायम ठेवला. त्याच्या वाक्यावर कुणाला काही जोडावंसं वाटलं नाही. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर, या टेकडीखालच्या बाईला पोलिस ठाण्यात हाकलून लावलं तरी पुढच्या दिवशी मी तिच्यासोबत जाऊन भांडू शकते, कारण तक्रार घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्याच्या देशात भांडायला जाणाऱ्यालाही वकील लागेल. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या निर्वासित कायद्यात लिंग, लैंगिक कल, अपंगत्व, वर्ग आणि जात या सगळ्यांवरून छळ झालेल्यांना आश्रय मागता येतो. जात हा शब्द तिथे आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

शेवटचा टप्पा ग्रेट आफ्रिकन स्टेप्सवर, न्यायालय आणि जुना तुरुंग यांच्यामधल्या पायऱ्यांवर. इथे ती सगळ्यांच्या हातात आफ्रिकेचा एक नकाशा देते. माझी दुसरी आणि मोठी तक्रार या नकाशाबद्दल आहे. दोनच रंग: लाल म्हणजे गुन्हा, हिरवा म्हणजे नाही. तीसहून अधिक देश लाल. एवढंच बघून माणूस घरी गेला तर 'आफ्रिका अशीच' हा जुना गैरसमज घट्ट करून जाईल. तो लाल रंग आला कुठून हे नकाशात हवं. केनिया, युगांडा, नायजेरिया यांची कलमं, आणि बोत्स्वानाचं आता रद्द झालेलं कलमही, इंग्रजांनी हिंदुस्थानात १८६० मध्ये लिहिलेल्या कलम ३७७ च्या घराण्यातली. नामिबियाचा गुन्हा दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीबरोबर आलेल्या रोमन-डच कायद्यातला. १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला, त्यामुळे १९९८ चा निकाल तिथे लागू झाला नाही. तोच गुन्हा तिथल्या न्यायालयाने काढला तो थेट २१ जून २०२४ ला. मोझांबिकने २०१५ मध्ये, अँगोलाने नव्या दंडसंहितेने २०२१ मध्ये जुनी पोर्तुगीज कलमं टाकून दिली. रवांडात असा गुन्हा नव्हताच. उलट चाडने २०१७ मध्ये, म्हणजे काल-परवा, तो नव्याने आणला. हिरव्याचाही एकच हिरवा नाही, लालचाही एकच लाल नाही.

बोलण्यात मात्र गाईड या सगळ्यात शिरली, ते तिचं श्रेय. २०१९ ची तुलना तर छानच होती. २४ मे रोजी नैरोबीच्या उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम १६२ आणि १६५ कायम ठेवली. तीन आठवडे व्हायच्या आत, ११ जूनला, गाबोरोनीच्या न्यायालयाने जवळपास तसंच कलम रद्द केलं, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचा आधार घेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अपिलातही ते टिकलं. गाबोरोनीच्या मुली इथे खुलल्या. त्यातली एक म्हणाली, निकाल आला त्या दिवशी कोर्टाबाहेर तिची मोठी बहीण होती.

मावशी गप्प राहील असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "केनियाचं एवढंच सांगू नका." आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. २०१३ मध्ये केनियातल्या मेरूच्या उच्च न्यायालयाने अत्याचार झालेल्या मुलींच्या बाजूने दिलेला निकाल, ज्यात पोलिसांनी तपास केला नाही म्हणून राज्यालाच दोषी धरलं. डिसेंबर २०२० मध्ये २००७-०८ च्या निवडणूक-दंगलीतल्या बलात्कारांबाबत पीडितांना सरकारने भरपाई द्यावी असा निकाल. मार्च २०१८ मध्ये मोम्बासाच्या अपील न्यायालयाने समलिंगी असल्याच्या संशयावरून पुरुषांची जबरदस्तीने केली जाणारी गुदतपासणी घटनाबाह्य ठरवली, तो निकाल. या तपासणीबद्दल बोलताना तिचा आवाज चढला. "तो बलात्कारच," ती म्हणाली, "फक्त डॉक्टरच्या हाताने." केनियात मारहाणीच्या केसला पी-थ्री फॉर्म लागतो, इथे जे-८८ लागतो. दोन्ही फॉर्मांवर डॉक्टरला अंगावरच्या जखमा नोंदवाव्या लागतात. आम्ही दोघींनी आपापल्या शहरात ते फॉर्म पाहिलेले आहेत. गाईडने मेरूचा निकाल कधी ऐकला नव्हता. तिने वहीत लिहून घेतला, वर्ष परत विचारून.

'हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ' असं कुणी म्हटलं तर ती एक कागद काढते. आफ्रिकी मानवी हक्क आयोगाने २०१४ मध्ये, अँगोलातल्या लुआंडा इथल्या बैठकीत केलेला ठराव क्रमांक २७५. लैंगिक कल किंवा लिंगओळख खरी असो की लोकांनी नुसती चिकटवलेली असो, तिच्यावरून होणारी हिंसा थांबवा, तपास करा, दोषींना शिक्षा करा, असं आफ्रिकेच्याच आयोगाने आफ्रिकेच्याच सरकारांना सांगितलं. या ठरावाने कुठल्याही देशाचं कलम रद्द होत नाही. पण मारहाण आणि कलम यांचा संबंध यात सरळ जोडला आहे. हा कागद नकाशाच्या मागच्या बाजूला छापावा, अशी माझी तिला सूचना आहे. तिने ती ऐकून घेतली.

तिसरी तक्रार व्यवस्थेची. इतक्या जड विषयावरची फेरी चालवताना गटासोबत आणखी एक माणूस हवा. आमच्या गटातली एक बाई युडीच्या गोष्टीनंतर पायऱ्यांवर खाली जाऊन बसली. गाईडला गट सोडून तिच्याकडे जाता येईना, शेवटी मीच गेले. गाईड निघताना प्रत्येकाला एक कार्ड देते, त्यावर जेंडर-बेस्ड व्हायोलन्स कमांड सेंटरचा मोफत नंबर ०८०० ४२८ ४२८ आहे आणि थुथुझेला केअर सेंटर म्हणजे काय ते दोन ओळींत लिहिलं आहे: पोलिस, डॉक्टर, सरकारी वकिलाची माणसं एका छताखाली, बलात्कार झालेल्या माणसाला दारोदार हिंडावं लागू नये म्हणून. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, हेही त्यावर ठळक आहे. थुथुझेलाचं पहिलं केंद्र २००० मध्ये केप टाउनच्या मॅनेनबर्गला सुरू झालं. हे कार्ड उत्तम आहे. ते शेवटी न देता सुरुवातीला द्यावं. ज्याला गरज आहे तो शेवटपर्यंत थांबेलच असं नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. गौट्रेनने पार्क स्टेशनला उतरलात तर ब्रामफाँटेन जवळ आहे, पण पोहोचल्याचा मेसेज गाईडला करा, ती घ्यायला येते. फोन खिशात ठेवा. चढ आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी कळवा, ब्रामफाँटेनचा भाग गाडीने करून थेट टेकडीवर भेटता येतं. ऊन कडक असतं, टोपी आणि पाणी न्या. न्यायालय चालू असलेल्या दिवशी दालनात बसून बोलता येत नाही, पण सुनावणी मागे बसून ऐकता येते, आणि तेही चुकवू नये असंच आहे. लहान मुलांना नेऊ नका. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, जरूर न्या.

क्वाथेमापर्यंत मिनीबसने जाऊन युडीच्या नावाचा छोटा पूल बघायची वेगळी फेरी ती महिन्यातून एखाद्या शनिवारी काढते, त्याचे पैसे जास्त आहेत. मी अजून गेलेले नाही. बुकिंग करताना 'विमेन्स जेलला जास्त वेळ हवा' असं लिहून कळवा. सहाच्या आतला गट असेल तर ती तसा वेळ देते, हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं.